कमरजहाँ आणि इनॅमलच्या दोन थाळ्या

२००७ च्या मार्चमध्ये खालच्या मोहल्ल्यात एक जीप आली. टपावर कर्णा, दाराला पिवळ्या डोळ्यांच्या माणसाचं चित्र आणि आत घामाघूम झालेला एक माणूस. तो कर्ण्यातून ओरडत होता, "कावीळ ब! एड्सपेक्षा भयंकर! लस टोचून घ्या! आधी घेतली असेल तरी पुन्हा घ्या! पाच वर्षं झाली की लस संपली!"

महाडहून पोलादपूरकडे जाताना सावित्री नदीच्या अंगाला हा मोहल्ला लागतो. चाळीस-पन्नास घरं, एक मशीद, एक सलून, आणि घरटी एक तरी माणूस आखातात. अशा ठिकाणी कर्णा वाजला की बाया दारात येतात, तशा त्या आल्या. घाबरल्याही. घाबरवायलाच तर जीप आली होती.

एकटी कमरजहाँ ओट्यावरून उठली नाही. ती भिजवलेले कडवे वाल सोलत बसली होती. कर्णेवाला तिच्याच दारात येऊन थांबला. "ताई, घरात किती माणसं? सगळ्यांना घेऊन या. बूस्टर घेतलात का?"

"कशाला घ्यायचा?"

"लशीचा जोर पाच वर्षांत उतरतो ना."

"कोण बोलला?"

"आमचे साहेब."

"आणि साहेबांना कोण बोलला?"

कमरजहाँनं हात पदराला पुसले, आत गेली आणि बिस्किटांचा जुना डबा घेऊन आली. त्यातून घड्या पडून मऊ झालेली कार्डं काढून तिनं ओट्यावर मांडली. "बघ. हा माझा, हा शोएबचा, हा माझ्या दिराचा, हा नणंदेचा. पैली सुई, एक महिन्यानी दुसरी, सहा महिन्यानी तिसरी. ही पोरगी तूबा, हिला तर जन्मली त्याच दिवशी पैली टोचलेली. तीन पुऱ्या झाल्या की धडधाकट माणसाला परत लागत नाय. पंधरा-वीस वर्षांचा भरवसा तर हायच, आणि डॉक्टरीणबाई बोलतात बहुतेक जलमभर पुरेल. ही लसच अजून तितकी म्हातारी झाली नाय, म्हणून पुढचा कोण छातीवर हात ठेवून सांगत नाय, एवढाच."

"पण ताई—"

"ज्यांची राहिली हाय त्यांना दे ना! तो समोर सलूनवाला, दिवसभर लोकांच्या गालावर वस्तरा फिरवतो, त्याला दे. दवाखान्यात सुया उचलणारी बाई असेल तिला दे. ज्याच्या घरात हा आजार हाय त्याच्या बायकोला, पोरांना दे. आजच्याला जन्मलेल्या पोराला दे. ज्याला लागते त्याला सोडून ज्याची झाली त्याच्याच पाठी का लागतोस रे?"

बाया हसल्या. कर्णेवाला चांगला माणूस असावा, कारण तोही हसला आणि खरोखरच सलूनकडे वळला. ओट्याखाली कोंबड्या पाणी पीत होत्या. निळ्या काठाच्या, टवके उडालेल्या इनॅमलच्या दोन थाळ्यांत. त्या थाळ्यांनी एकेकाळी ह्या घराच्या छातीवर धोंडा ठेवला होता, हे कोंबड्यांना कुठून माहीत असणार!

कमरजहाँ सातवी पास. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकली, पुढं लग्न झालं आणि पुस्तकं गेली. वाचायची खोड मात्र गेली नाही. भज्यांचा कागदसुद्धा ती वाचून मगच टाकायची. सासू हूरबी वैतागायची, "काय मेला त्या कागदात असतो गो?" असतं काय ते १९९८ साली सगळ्या घराला कळलं.

नवरा मुख्तार टेंपो चालवायचा. महाबळेश्वरहून भाजी आणि स्ट्रॉबेरी भरायची आणि आंबेनळी घाट उतरून महाडला टाकायची, हे त्याचं काम. त्या घाटातल्या वळणांवर ज्याचा हात बसला त्याला जगात कुठंही गाडी चालवता येते, असं पोलादपूरचे ड्रायव्हर म्हणतात. मुख्तारला शारजात ड्रायव्हरचं काम मिळालं. मुंबईचा एजंट म्हणाला, बॅग घेऊनच ये, मेडिकल झालं की त्याच आठवड्यात विमान. मग काय, मोहल्ला जेवला. हूरबीनं हिरव्या कापडात नाणं गुंडाळून लेकाच्या दंडाला इमाम जामीन बांधला. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या रक्षणासाठी बांधतात तो. मुक्कामी पोचल्यावर सोडायचा आणि ते नाणं दान करायचं.

नवव्या दिवशी भर दुपारी मुख्तार एस.टी.तून उतरला. बॅग तशीच, दंडावर इमाम जामीनही तसाच. "व्हिसा अडकला," एवढंच म्हणाला आणि विहिरीवर जाऊन डोक्यावर पाणी ओतत बसला.

आठ दिवसांनी बॅग झटकताना कमरजहाँला अस्तरात घडी केलेला कागद सापडला. कागद सापडला आणि कमरजहाँनं तो वाचला नाही, असं व्हायचंच नव्हतं. इंग्रजी तिला अडखळत यायचं, पण दोन शब्द कळले. एक पॉझिटिव्ह आणि दुसरा, लाल शिक्क्यातला, अनफिट. आणखी एक शब्द होता, ऑस्ट्रेलिया. कावीळ ब च्या तपासणीला लॅबवाले तेव्हा ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणत. माणूस निघाला होता शारजाला, आणि रक्तात निघाली ऑस्ट्रेलिया.

तिनं कागद नवऱ्यासमोर धरला. मुख्तारनं मान खाली घातली. "एजंट बोलला, तीन सुया मारून घे, रक्त साफ होईल, मग परत मेडिकल लावू. एक घेतली. दुसरीला परत मुंबईला जायचा हाय."

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"साफ झाल्यावर."

तो तिला सांगणार नव्हता, पण मोहल्ल्यात बातमी एस.टी.च्या आधी पोचते. मुख्तारच्याच दिवशी मेडिकलला गेलेला मोहल्ल्यातला दुसरा कुणी परत आला आणि त्यानं सलूनात तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी हूरबीनं महाडच्या बाजारातून निळ्या काठाची एक थाळी आणि एक मग आणला.

आता हे किती मोठं झालं ते सांगितल्याशिवाय कळायचं नाही. ह्या घरांत जेवण एका थाळात होतं. तांब्याचा, कल्हई केलेला, पाच-सहा माणसं भोवती बसतील एवढा मोठा थाळ. मधे भात, त्यावर कालवण, आणि ज्यानं त्यानं आपल्या पुढ्यातून खायचं. हूरबीचा थाळ तिच्या लग्नात आलेला. भाऊ-भाऊ कोर्टात भांडले तरी सणाला एका थाळात बसतात. थाळातून ज्याला उठवलं तो घरातून उठला, असंच धरतात.

त्या दुपारी थाळ मांडला गेला आणि मुख्तारची इनॅमलची थाळी मागच्या पडवीत, खिडकीखाली. धाकटा भाऊ अझीम भाताकडे बघत राहिला. लग्नाची बहीण सादिया रडायला लागली. चार वर्षांच्या शोएबनं विचारलं, "अब्बा तिकडे का?" हूरबी म्हणाली, "तुझ्या अब्बाला कावीळ हाय." आणि मुख्तार, आंबेनळीच्या धुक्यात एका हातानं गाडी वळवणारा माणूस, मुकाट्यानं पडवीत जाऊन बसला. कमरजहाँला सासूचा राग आला होताच, नवऱ्याचा त्याहून जास्त आला. ती उठली, आपल्या वाटणीचा भात घेऊन पडवीत गेली आणि त्याच्याच थाळीत ओतला.

"कमर, मरशील गो!" आतून हूरबी ओरडली.

"मरायचा असेल तर लग्नाला सहा वर्षा झाली अम्मी, आतापर्यंत मेले असते!"

हूरबीला दुष्ट ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. नवरा कुवेतमध्ये वारला तेव्हा तिच्या पदरात तीन मुलं होती. माणूस आखातात गेला की पेटीतून परत येतो, हे तिनं पाहिलं होतं. ती भित्री झाली होती, आणि भित्र्या माणसाच्या हाती घर असलं की ते सगळ्यांना जड जातं.

कमरजहाँ मात्र दुसऱ्या दिवशी कागद घेऊन महाडला गेली. तिथं डॉक्टर ललिता म्हणून एक बाई दवाखाना चालवायच्या. शोएबचं बाळंतपण त्यांच्याच हातचं. त्यांनी कागद पाहिला आणि पहिला प्रश्न केला, "घरात दाढीचं यंत्र किती?"

कमरजहाँला वाटलं, बाईंचं लक्ष नाही. "बाई, मी ताटाचा विचारायला आले."

"ताटाचं मी सांगत नाहीये, कारण ताटात काही नाही. एकत्र जेवल्यानं, मिठी मारल्यानं, खोकल्यानं ही कावीळ लागत नाही. ती रक्तातून लागते. एकाचं ब्लेड दुसऱ्यानं वापरलं, दातांचा एकच ब्रश दोघांनी वापरला, न उकळलेली सुई टोचली. नवऱ्याकडून बायकोला लागते. आईला असली तर जन्मताना बाळाला लागते. म्हणून विचारते, यंत्र किती?"

यंत्र एकच होतं. सासऱ्यानं कुवेतहून आणलेलं, जड, चकचकीत, न्हाणीतल्या कोनाड्यात ठेवलेलं. मुख्तार दाढी करायचा, त्याच्या मागून त्याच ब्लेडनं अझीम.

बाईंनी मग सगळं उलगडून सांगितलं. मुख्तार घेतोय त्या सुया वाया आहेत. लस आजार नसलेल्याला वाचवते, असलेल्याचा घालवत नाही. चोर घरात शिरल्यावर कुलूप लावून काय होणार? त्यानं दर सहा महिन्यांनी यकृत तपासून घ्यायचं, दारूला शिवायचं नाही, झाडपाल्याच्या काविळीच्या औषधांना तर मुळीच नाही. बाकी त्यानं टेंपो चालवावा, पोर खांद्यावर घ्यावं, जेवावं. पण घरातल्या बाकी प्रत्येकाचं रक्त तपासायचं, आणि जे निरोगी निघतील त्यांना तीन सुया.

"आणि बाई, किती वर्षा पुरते ती?"

"तीन पूर्ण केल्या तर बरीच वर्षं. बहुधा जन्मभर. एखादी उशिरा झाली तरी घाबरायचं नाही, पुढची घ्यायची, पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. पण तीन म्हणजे तीन. दोनवर थांबायचं नाही."

कमरजहाँ घरी आली ती थेट न्हाणीत. अझीम तोंडाला साबण लावून उभा, हातात तेच यंत्र. तिनं ते त्याच्या हातातून ओढून घेतलं.

"भाभी! अर्धी दाढी झालेली हाय!"

"अर्ध्या दाढीनं फिर. आजपासून तुझा वेगळा, त्यांचा वेगळा. ब्रशपण." मग ती माजघरात येऊन सासूसमोर उभी राहिली. "अम्मी, काल तुमी ताट वेगळा काढलाव, आणि ब्लेड? ब्लेड सगळ्यांचा एक!"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. हूरबीला ब्लेडचं पटलं, ताटाचं काही केल्या पटलं नाही. तिच्या डोक्यात एवढंच शिरलं की ह्या आजारावर सुई आहे, आणि आजारी माणूस आपल्या घरात आहे. सगळ्यांच्या आधी तीच डोक्यावर ओढणी घेऊन तयार झाली. "मला पैली सुई टोच म्हणावा. त्याचे कपडे मी धुते, पडवी मी झाडते. मला लागला तर ह्या पोरांचा कोण करील?"

पाच जणांचं रक्त काढलं. चार दिवसांनी कमरजहाँ आणि हूरबी निकाल आणायला महाडला गेल्या. हूरबी बाहेर बाकावर बसली, कमरजहाँ आत गेली. कमरजहाँ निरोगी, शोएब निरोगी, सादिया निरोगी, आणि ब्लेडच्या एवढ्या खेळानंतरही अझीम निरोगी. बाईंनी पाचवा कागद मात्र हातातच ठेवला.

"तुझ्या सासूबाईंना लस देऊन उपयोग नाही, कमरजहाँ. त्यांना ही लागण आहे. किती वर्षांची असेल कोण जाणे, त्यांना कधी त्रासच झाला नाही. मुख्तारला बहुधा जन्मतानाच त्यांच्याकडून आली. धाकटे दोघे वाचले, ते का वाचले हे मला सांगता येत नाही. तेव्हा बाळाला पहिल्या दिवशी टोचायची लसच नव्हती. ह्यात त्यांचा काही दोष नाही."

कमरजहाँ कागदाकडे बघत राहिली. सहा वर्षं ती ह्या बाईच्या हातचं जेवली होती. ह्या बाईनं भरवलेल्या घासांवर शोएब मोठा झाला होता. कुणाला काही झालं नव्हतं. आणि हीच बाई लेकाला पडवीत बसवून होती. कमरजहाँ म्हणाली, "बाई, मी सांगते त्यांना. तुमी आता नका बोलू."

बाहेर आल्यावर तिनं सासूला स्टँडवर बसवलं आणि एकटी बाजारात गेली. भांड्यांच्या दुकानात तशीच थाळी मागितली. निळ्या काठाची. दुकानदारानं ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि कमरजहाँनं छातीशी धरली. एस.टी.त सबंध वाटेनं तिच्या मनात एकच चित्र होतं. दुपारी थाळ मांडायचा, आणि पडवीत एका थाळीशेजारी दुसरी ठेवायची. बघू या म्हातारी काय करते. तिला त्या विचारानं फार बरं वाटत होतं, आणि ते खोटं कशाला सांगू?

घरी पोचल्यावर तिनं हूरबीला मागच्या पडवीत नेलं आणि कागद वाचून दाखवला. मग डॉक्टर जे बोलल्या ते सगळं सांगितलं.

हूरबी आधी म्हणाली, "खोटा हाय." मग म्हणाली, "माझा रक्त बदलला असेल, लॅबवाले मेले." तिची नजर खिडकीखालच्या थाळीवर होती. शेवटी तिनं इतकं हळू विचारलं की कमरजहाँला वाकावं लागलं.

"म्हणजे मी दिला त्याला?"

कमरजहाँच्या बगलेत वर्तमानपत्रातली थाळी होती. ती तिनं पाठीमागे धरली. "तुमी काय मुद्दाम दिलाव, अम्मी?"

"कुणाला बोललीस?"

"कुणाला नाय."

"बोलू नको. मुख्तारला पण नको. सादियाचा लग्न होऊ दे. आईला असा आजार हाय कळला तर कोण नेईल माझ्या पोरीला? शब्द दे."

कमरजहाँनं शब्द दिला. थाळी तशीच गुंडाळलेली धान्याच्या कणगीमागे सारली. तिला वाटलं, आता पडवी सुटेल. पडवी सुटली नाही. हूरबी म्हणाली, आज एकाएकी त्याला थाळात बसवला तर लोक विचारतील का बसवला, आणि बोलता बोलता सगळा बाहेर येईल. कमरजहाँनं कपाळावर हात मारला. पण शब्द तो शब्द.

मग सुया सुरू झाल्या. चौघांना पहिली, महिन्यानं दुसरी. मधे पावसाळा गेला, भात कापणी आली, आणि ऑक्टोबरात तिसरी. तिसऱ्या सुईच्या वेळी कमरजहाँला तिसरा महिना होता. तिनं भीत भीत विचारलं तर डॉक्टर ललिता हसून म्हणाल्या, पोटुशी बाईला ही चालते. तिन्ही खेपा तिनं चौघांना ओढून नेलं, कार्डांवर शिक्के घेतले आणि कार्डं बिस्किटाच्या डब्यात घातली. रोज दुपारी ती पडवीत नवऱ्याच्या थाळीत जेवली. त्यात एक दिवसही खाडा नाही.

ह्या महिन्यांत आणखी एक गोष्ट झाली, ती कमरजहाँशिवाय कुणाच्या ध्यानात आली नाही. हूरबीनं थाळात हात घालणं सोडलं. कधी म्हणायची भूक नाही, कधी आज रोजा आहे. सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी पाठ करून एका वाटीत चार घास खायची. शोएब तिच्या हातून घास मागायला आला की हात पदराखाली घ्यायची. कमरजहाँनं दोनदा सांगितलं, "अम्मी, जेवणात नाय तो." हूरबी म्हणायची, "माहीत हाय गो." पण हात बाहेर यायचा नाही. जिच्यावर सूड उगवायला कमरजहाँनं थाळी आणली, तिनं स्वतःच स्वतःला पडवीत बसवलं होतं. कमरजहाँचा राग त्या वाटीपाशी विरघळला.

थंडी पडू लागली तेव्हा सादियाचं लग्न आलं. नवरामुलगा पोलादपूरचा. बाप नसलेल्या मुलीच्या लग्नात मोठा भाऊ व्याह्याबरोबर पहिल्या थाळाला बसतो. तो बसला नाही तर का नाही बसला, हे विचारायचीसुद्धा गरज नसते. त्या दिवशी तो वेगळा ठरला की ठरला, आणि पुढं प्रत्येक लग्नात वेगळाच बसतो.

सकाळी हूरबी मुख्तारला म्हणाली, "तू आज वाढायला रहा, राजा." मुख्तार "बरं" म्हणाला. कमरजहाँ तिथंच उभी होती.

"अम्मी, शब्द दिलाय तो पाळते. तुमच्याविषयी तोंडातून अक्षर काढणार नाय. पण ह्यांना बादली धरून फिरू देणार नाय."

"काय करणार तू?"

"बघाल."

मांडवात बायांची आणि पुरुषांची पंगत वेगळी, मधे कनातीचा पडदा. जेवणाचे दस्तरखान पसरले, थाळ मांडले. भात, गोश्त, तांदळाची वाफवलेली पांढरीशुभ्र सांदणं. पहिल्या थाळाला नवरामुलगा, त्याचा बाप, दोन चुलते आणि अझीम बसले. एक जागा रिकामी. मुख्तार बादली घेऊन उभा होता. व्याही म्हणाला, "मुख्तारभाई, बसा की." त्यावर मोहल्ल्यातलं एक म्हातारं माणूस खाकरलं आणि म्हणालं, "त्याचा ताट वेगळा असतो." आणि बोट दाखवलं. खांबापाशी स्टुलावर कुणीतरी काळजीपूर्वक ती निळ्या काठाची थाळी आणून ठेवली होती.

व्याह्याचा हात थाळावरच थांबला. मुख्तारनं बादली खाली ठेवली आणि थाळीकडे चालू लागला.

पडदा बाजूला झाला आणि कमरजहाँ आत आली. पाचवा महिना, पोट दिसायला लागलेलं, डोक्यावर पदर घट्ट. दोनशे पुरुषांच्या मधून ती सरळ चालत गेली, कडेचा, अजून कुणी न बसलेला एक भरला थाळ ओढला, मुख्तारचा दंड धरून त्याला खाली बसवलं आणि त्याच्यासमोर स्वतः मांडी घातली.

"बाईमाणूस मांडवात?" कुणीतरी पुटपुटलं.

"हो, बाईमाणूस!" ती म्हणाली. "ह्यांचा आजार काय हाय तो मला माहीत हाय, तुमच्याहून जास्त. तो भातात नाय, गोश्तात नाय. तो ब्लेडात असतो, सुईत असतो. आणि ज्यांना लागू शकत होता त्या आमी चौघांनी तीन-तीन सुया घेतल्या, कार्डं दाखवते. माझ्या पोटातल्यालापण जन्मल्या दिवशी टोचणार. आता ज्याला ह्या थाळावर बसायचा त्यानी बसावा. नाय त्यानी घरी जाऊन आधी आपला दाढीचा ब्लेड मोजावा, कितीजण वापरतात तो!"

कुणी हललं नाही. एक क्षण, दोन क्षण. मुख्तार खाली बघत होता. कमरजहाँनं भाताकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. आपण हरलो असं तिला वाटलं.

तेवढ्यात पडदा पुन्हा हलला.

हूरबी आली. तिच्या एका हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली थाळी होती. कणगीमागची. तिला ती कधी सापडली होती कोण जाणे, आणि ती कुणासाठी आणली हे तिनं कधीच ओळखलं असणार. तिनं स्टुलावरची थाळी उचलली, दुसरीवरचा कागद फाडला, आणि दोन्ही थाळ्या मांडवाच्या मधोमध जमिनीवर आपटल्या. टवके उडाले.

"ही ह्याची. आणि ही माझी!" ती म्हणाली. "माझ्या रक्तातच हाय तो. मी जलम दिला तेव्हा मीच दिला त्याला, माहीत नव्हता. तुमी सगळे माझ्या हातचा जेवलाव. तीस वर्षा जेवलाव. कुणाला काय झाला? सांगा! आणि व्याहीबुवा, माझ्या पोरीचा रक्त तपासलेला हाय, ती चांगली हाय, तिच्या सुया पण झाल्यात. तरी न्यायची नसेल तर आताच सांगा. पण माझ्या लेकाला परत कोण वेगळा बसवील तर त्याच्याआधी मला बसवा."

व्याही उठला, कडेच्या थाळाशी येऊन मुख्तारच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "सांदणं थंड होतात हो." त्याच्या मागोमाग अझीम आला.

हूरबीही बसली. बसली खरी, पण हात पदराखालीच राहिला. आठ महिन्यांची सवय. सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती भाताकडे. कमरजहाँ म्हणाली, "खावा ना, अम्मी." हात बाहेर येईना.

तेव्हा मुख्तारनं घास केला आणि आईच्या तोंडात घातला.